जुन्या गाडीलाही घाट हवा

वडगाव फाट्यावरून तळेगाव-चाकण रस्त्याला लागलात की ट्रॅफिकमध्ये अडकणं ठरलेलंच. लेक्चरला उशीर होतो, सगळे मोबाइल काढतात. पुढच्या वेळी अडकलात की मोबाइल खिशात ठेवा आणि शेजारच्या ट्रेलरकडे बघा. दोन मजली ट्रेलर, त्यावर ओळीनं नव्या कोऱ्या गाड्या, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेलं. देशभर जाणाऱ्या गाड्या आपल्या दारावरून जातात. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरात कुणी ना कुणी 'कंपनीत' आहे. गाडी जन्माला कशी येते, हे आपल्या पट्ट्याला वेगळं सांगावं लागत नाही.

गाडी म्हातारी झाल्यावर तिचं काय होतं, हे मात्र आपण कधी विचारत नाही.

त्याच रस्त्यापासून दहा मिनिटांवर, तळेगाव स्टेशन भागात, माझ्या मोठ्या मामांच्या घरामागे ताडपत्रीखाली एक गाडी उभी आहे. प्रीमियर पद्मिनी, १९८७ ची, एके काळी पांढरी. आई लग्नानंतर याच गाडीतून सासरी गेली. २०१७ ला तिचं शेवटचं पासिंग झालं. २०२२ ला मुदत संपली आणि गाडी थांबली ती थांबलीच. आता मामांना त्या जागेवर शेड टाकायचीय. भंगारवाला येऊन भाव सांगून गेलाय. घरात दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, देऊन टाका. दुसरा म्हणतो, राहू दे, आठवण आहे. मी तिसरा पक्ष काढलाय.

माझं म्हणणं असं, की ही गाडी भंगारातही जाऊ नये आणि लग्नाच्या फोटोशूटपुरती शोभेलाही बसू नये. तिची नीट तयारी करावी आणि ती रेस ट्रॅकवर पळवावी. आणि तुमच्या-माझ्यासारख्या कॉलेजमधल्या पोरापोरींना हे करता यावं, म्हणून सरकारनं, कॉलेजांनी आणि आपणही काही गोष्टी बदलाव्यात.

हसू आलं? घरीही सगळे हसले. म्हणून जरा सविस्तर सांगते.

रॅली वेगळी, रेस वेगळी

जुन्या गाड्यांची रॅली तुम्ही पाहिली असेल. पॉलिश केलेल्या गाड्या, फेटे बांधलेले मालक, हळूहळू निघालेली मिरवणूक. छान असतं ते. पण व्हिंटेज रेसिंग म्हणजे ते नव्हे. व्हिंटेज रेसिंगमध्ये जुन्या गाड्या बंदिस्त ट्रॅकवर खरोखर शर्यत लावतात. ब्रिटनमधला व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३४ पासून हेच करतो. अमेरिकेत लागुना सेका ट्रॅकवर १९७४ पासून जुन्या गाड्यांच्या शर्यती होतात. इंग्लंडमध्ये गुडवुड नावाचा ट्रॅक १९४८ ते १९६६ या काळात शर्यतींसाठी वापरात होता. १९९८ पासून तिथे दरवर्षी त्याच काळातल्या गाड्यांच्या शर्यती भरतात.

आता यातली गंमत बघा. गुडवुडला फक्त कोट्यवधींच्या फेरारी आणि जॅग्वार पळत नाहीत. तिथे ऑस्टिन ए-३५ नावाची छोटीशी घरगुती गाडीही पळते. १९५६ साली आलेली, ९४८ सीसी इंजिनची, आपल्या पद्मिनीपेक्षाही लहान. वळणावर ती अशी काही झुकते, की आता उलटलीच असं वाटावं. पण लोक तिच्यावर फिदा आहेत, कारण ती त्यांच्या आजी-आजोबांची गाडी आहे.

आपल्याकडे खरी 'स्पोर्ट्स कार' फारशी बनलीच नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्याच्या सॅन मोटर्सनं रेनॉच्या इंजिनवर 'सॅन स्टॉर्म' ही दोन दारांची छोटी गाडी काढली होती. किती जणांनी ती रस्त्यावर पाहिलीय? पण म्हणून आपल्याकडे रेसिंग झालं नाही असं थोडंच आहे! चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली जुनी धावपट्टी होती. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं तिथे कितीतरी वर्षं शर्यती भरवल्या. तिथे परदेशी गाड्या पळाल्या, तशाच फियाट, अँबेसेडर आणि स्टँडर्ड हेराल्डही पळाल्या. म्हणजे ज्या गाडीतून लोक ऑफिसला जात, तीच गाडी हलकी करून, इंजिनावर काम करून ट्रॅकवर उतरायची. आपली स्पोर्ट्स कार ती हीच.

आणि तिचं मूळ मराठी मुलखात आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला नाव आहे तेच वालचंद. कंपनीचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. साठच्या दशकात तिथे फियाट ११०० डी बनू लागली आणि १९७४ पासून हीच गाडी 'पद्मिनी' झाली. १०८९ सीसी, चार सिलिंडर, साधारण चाळीस अश्वशक्ती, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी सगळ्यांनी हळवे स्टेटस टाकले. मीही टाकला. आमची पद्मिनी तेव्हाही घरामागे गंजत होती, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आधी ब्रेक, मग इंजिन

मी इंजिनिअर नाही, मास कम्युनिकेशनची विद्यार्थिनी आहे. गाडी रेससाठी तयार करायची म्हणजे मोठा आवाज करणारा सायलेन्सर आणि बॉनेटवर पट्टे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मामांच्या ओळखीतल्या एका जुन्या मेस्त्रीकाकांना गाडी दाखवायला आणलं, तेव्हा डोळे उघडले. सुरुवातीला प्रश्न मी विचारायचे आणि काका उत्तरं माझ्या मामेभावाला द्यायचे. तासाभरानं मी गाडीखाली सरपटत गेले, तेव्हा कुठे ते माझ्याशी बोलायला लागले.

काकांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी आतली मॅटिंग उचलली आणि स्क्रूड्रायव्हरनं खालचा पत्रा टोचायला सुरुवात केली. कारण असं, की जीप किंवा ट्रकसारखी या गाडीला वेगळी चासी नसते. बॉडीचा पत्राच चासीचं काम करतो. सीटखालचा, दाराखालचा पत्रा गंजला म्हणजे नुसता रंग खराब झाला असं नाही, गाडीचा कणाच कुजला. आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड केल्याशिवाय पुढची कुठलीही गोष्ट करण्यात अर्थ नाही.

दुसरा नंबर ब्रेकचा. अकरावीच्या फिजिक्समध्ये आपण सगळे शिकलोय, की गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. पेपरात सूत्र लिहिलं, मार्क घेतले, विसरलो. गाडीवर त्याचा अर्थ असा: वेग ४० वरून ८० केला, तर ब्रेकला दुप्पट नाही, चौपट ऊर्जा जिरवावी लागते. ती सगळी उष्णता होते. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रममधली उष्णता लवकर बाहेर पडत नाही. लायनर तापले की त्यांची पकड सुटते. त्यातून ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी धोका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी मिसळलं की लवकर उकळतं. नव्या 'डॉट ४' ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. ऑइल उकळलं की पाइपात बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल सरळ खाली जातं. म्हणून रेसची तयारी म्हणजे व्हील सिलिंडर, होस पाइप, लायनर, ऑइल सगळं नवं, आणि प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी पुन्हा तपासणी.

तिसरा नंबर माणसाचा. १९८७ च्या गाडीत एअरबॅग नाही. गाडी उलटली तर छत तुमच्या डोक्याला वाचवेल याची खात्री नाही. म्हणून आत रोल केज लागतो, म्हणजे जाड स्टीलच्या पाइपांचा पिंजरा. मग घट्ट धरून ठेवणारी रेसिंग सीट, खांद्यावरून आणि कमरेवरून येणारे पट्टे, हाताशी आग विझवायचा सिलिंडर, आणि बाहेरूनही गाडीचा करंट तोडता येईल असा कट-ऑफ स्विच. हेल्मेट आणि न पेटणारा सूट वेगळाच. जगभरच्या व्हिंटेज रेसिंगमध्ये साधारण हेच सूत्र चालतं. इंजिन, गिअर, सस्पेन्शन हे सगळं त्या काळात होतं तसंच ठेवायचं. जीव वाचवणाऱ्या वस्तू मात्र आजच्या वापरायच्या. आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे एफआयए, अशा गाडीला एक तांत्रिक पासपोर्टच देतो. गाडी त्या काळात कशी होती, हे त्यात नोंदलेलं असतं.

त्यानंतर सस्पेन्शन. पुढचे बुश, किंगपिन, मागचे पाटे, शॉक अ‍ॅब्सॉर्बर. मग टायर. पाच वर्षं एकाच जागी उभ्या गाडीचे टायर दिसायला चांगले असले तरी रबर कडक झालेलं असतं, ते सरळ फेकायचे. पेट्रोलची टाकी उतरवून आतला गंज काढायचा, सगळ्या रबरी नळ्या बदलायच्या.

आणि सगळ्यात शेवटी इंजिन. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं, ऑइल प्रेशर बघायचं, टॅपेट सेट करायचे, पॉइंटमधली फट फीलर गेजनं जुळवायची, कार्बोरेटर उघडून जेट साफ करायचे. पद्मिनीच्या इंजिनाची मजा ही, की हे सगळं डोळ्यांना दिसतं. ईसीयू नाही, लॅपटॉप नाही. ठिणगी कधी पडते हे तुम्ही स्वतः हातानं डिस्ट्रिब्युटर फिरवून ठरवता आणि आवाज बदललेला कानाला कळतो. आपल्या सिलॅबसमधलं 'इग्निशन टायमिंग' मी मास कॉमची असूनही दहा मिनिटांत समजले. का? कारण ते माझ्या हातात होतं.

खोटं कशाला सांगू, हे स्वस्त नाही. गाडी घरचीच असली तरी पत्राकाम, सेफ्टीचं सामान आणि टायर यांचा खर्च गाडीच्या भंगार किमतीच्या कितीतरी पुढे जातो. पार्टसाठी पुण्याचा जुना बाजार पालथा घालावा लागतो आणि कधी कधी मिळालेला पार्ट चुकीचा निघतो. काकांच्या हिशेबानं रविवार-रविवार काम केलं तर एक वर्ष लागेल. पण इथेच एक विचार करा. एकट्यानं हे करायचं म्हटलं तर तो श्रीमंतांचा छंद. दहा जणांनी मिळून केलं तर तो कॉलेजचा प्रोजेक्ट.

पन्नास वर्षांचा नियम

आता कायद्याकडे येऊ, कारण खरी गाठ तिथे आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. चांगली गोष्ट. अशा गाडीला नंबर प्लेटवर 'व्हीए' ही वेगळी मालिका मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांसाठी, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवायची नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. पण दोन अटी आहेत. गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी हवी. आणि मूळ स्वरूपात हवी, म्हणजे चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको.

आमच्या पद्मिनीचा हिशेब करा. १९८७ अधिक पन्नास, म्हणजे २०३७. तोपर्यंत ती कायद्यासाठी व्हिंटेज नाही, फक्त 'जुनी' आहे. आणि जुन्या गाडीचं पासिंग दर पाच वर्षांनी. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या कारची पुनर्नोंदणी फी ६०० वरून ५,००० झाली. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी ती १०,००० झाली. पर्यावरण कर वेगळा, उशिराचा दंड वेगळा. जी गाडी रस्त्यावर आणायचीच नाही, तिच्यासाठी हे सगळं कोण भरणार? म्हणून लोक सोपा मार्ग घेतात. भंगार.

म्हणजे पन्नाशी गाठलेल्या गाडीला मान आहे. पंधरा वर्षांच्या आतल्या गाडीला किंमत आहे. मधल्या पस्तीस वर्षांचं काय? आपल्या आई-वडिलांच्या तरुणपणाच्या जवळजवळ सगळ्या गाड्या याच पस्तीस वर्षांत अडकल्यात. पद्मिनी, मारुती ८००, पिंपरीत बनलेली पहिली सिएरा. बाइकवाल्यांसाठी सांगते, आरएक्स १०० सुद्धा.

आणि तळेगावकरांनो, ही गोष्ट आपल्या आणखी जवळची आहे. २००८ मध्ये आपल्याच एमआयडीसीत जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. तिथे शेवरोलेची बीट बनायची. २०१७ च्या अखेरीस कंपनीनं भारतात विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद झालं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईनं कारखाना घेण्याचा करार केला. तळेगावात बनलेली २०१० ची बीट पंधरा वर्षांची होऊन गेली. कायद्यानं ती व्हिंटेज होईल २०६० ला. तोवर तळेगावच्या माणसांनी जोडलेली एक तरी बीट तळेगावात शिल्लक असेल का?

'पण...' म्हणणाऱ्यांसाठी

पहिला 'पण': जुन्या गाड्या धूर सोडतात. खरंय. रोज रस्त्यावर धावणारी, देखभाल नसलेली जुनी गाडी हटलीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पिंपरी-चिंचवडची हवा आपणच घेतो. पण मी ज्या गाडीबद्दल बोलतेय ती रस्त्यावर येणारच नाही. ट्रेलरवरून ट्रॅकवर जाईल, वर्षातून काही तास पळेल, ट्रेलरवरून परत येईल. रोज चाकणला जाणाऱ्या गाडीचा आणि हिचा न्याय एक कसा?

दुसरा 'पण': जमाना इलेक्ट्रिकचा आहे, कार्बोरेटर शिकून नोकरी मिळणार का? थेट नाही मिळणार. पण ब्रेक, सस्पेन्शन, वेल्डिंग, वजनाचा तोल हे ईव्हीलाही लागतं. आणि बिघाड शोधायचा कसा, एकेक शक्यता बाद करत मुळाशी जायचं कसं, हे शिकायला साध्या मशिनसारखा गुरू नाही. काकांना जे येतं ते कुठल्याच पुस्तकात एका जागी नाही. ते सत्तरीकडे आलेत आणि त्यांच्या गॅरेजमध्ये आज एकही शिकाऊ पोरगा नाही.

तिसरा 'पण' सगळ्यात गंभीर आहे: पोरांना रेसिंगचा नाद लावायचा कशाला? उत्तर असं, की नाद आधीच लागलाय. रात्री अकरानंतर जुन्या हायवेवर उभे राहा, कळेल. सायलेन्सर काढलेल्या बाइक, गल्लीत मॉडिफाय केलेल्या कार, आणि व्हिडिओ काढायला मागे बसलेला मित्र. कायदा कडक आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवानगीशिवाय गाडीत बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. तरी हायवे थांबत नाही. 'तिथे करू नका' हे सगळे सांगतात. मग कुठे करायचं, ते कुणी सांगत नाही.

या प्रश्नाचं उत्तर आपल्या मावळ-खेडच्या मातीत आहे. बैलगाडा शर्यत. गाडा कुणी डांबरी रस्त्यावर सोडत नाही, त्याला घाट लागतो. त्याच शर्यतीवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी आणली, कारण जनावरांचे हाल होत होते. मग राज्यानं कायदा केला, नियम घातले. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं तो कायदा ग्राह्य धरला. शर्यतीच्या बाजूनं असा वा विरोधात, एक गोष्ट मान्य करावी लागेल. वेगाची हौस बंदीनं संपली नाही, तिला जागा आणि नियम द्यावे लागले. बैलगाड्याला घाट मिळतो, तर चाळीस अश्वशक्तीच्या पद्मिनीला का नाही?

तीन मागण्या

पहिली सरकारकडे. पंचवीस ते पन्नास वर्षं वयाच्या गाड्यांसाठी 'क्लासिक' असा मधला वर्ग करा. ज्या गाड्या फक्त बंदिस्त ट्रॅकवर पळणार आणि ट्रेलरवरूनच प्रवास करणार, त्यांची नोंद वेगळी ठेवा, फी माफक ठेवा. आणि जीव वाचवण्यासाठी बसवलेला रोल केज 'मूळ स्वरूप बिघडवणारा बदल' धरला जाणार नाही, हे नियमात स्पष्ट लिहा. बोल्टनं बसवलेला केज काढताही येतो. सुरक्षित गाडी नियमात नापास आणि बिनकेजची पास, असा उलटा न्याय नको.

दुसरी कॉलेजांकडे. आपल्या पट्ट्यात इंजिनिअरिंग कॉलेजं आणि आयटीआय यांची कमी नाही. बाहा आणि सुप्रा स्पर्धांसाठी पोरं रात्र-रात्र जागून गाड्या बनवतात, हे मी मित्रांकडे पाहिलंय. त्याच वर्कशॉपच्या एका कोपऱ्यात एक जुनी गाडी घ्या. इंजिनिअरिंगवाल्यांनी हिशेब करावेत, आयटीआयवाल्यांनी वेल्डिंग करावं, कॉमर्सवाल्यांनी स्पॉन्सर शोधावेत, आम्ही मास कॉमवाले डॉक्युमेंटरी करू. आणि काकांसारख्या मेस्त्रींना आठवड्यातून एक दिवस शिकवायला बोलवा, मानधन देऊन. सर्टिफिकेट त्यांच्याकडे नसेल. हात आहे.

तिसरी मागणी मोटरस्पोर्टच्या संघटनांकडे आणि आपल्या उद्योगांकडे. राष्ट्रीय रेसिंगचा मुक्काम आजही मुख्यतः तमिळनाडूत आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइमतूरजवळ कारी स्पीडवेवर. तळेगावहून चेन्नई बाराशे किलोमीटरच्या घरात. एवढ्या लांब पद्मिनी न्यायची म्हणजे ट्रेलरचंच भाडं कंबर मोडेल. कोल्हापूरनं कार्टिंगचा ट्रॅक उभा केला आणि तिथून ध्रुव मोहितेसारखा राष्ट्रीय पातळीवरचा रेसर आला. चाकणला कारखाना असलेल्या फोक्सवॅगननं २०१० मध्ये भारतात पोलो कप सुरू केला होता. म्हणजे इच्छा असेल तर कंपन्या उतरतात. वर्षातून एक रविवार, जवळचा एखादा बंदिस्त ट्रॅक, रुग्णवाहिका, मार्शल, एफएमएससीआयचे नियम आणि फक्त जुन्या भारतीय गाड्यांचा एक वर्ग. एवढ्यानं सुरुवात होईल.

आणि तुम्ही? तुमच्याकडेही मागणी आहेच. आजोळी, काकांकडे, शेजारी, कुठेतरी ताडपत्रीखाली एक गाडी असेल. विकायच्या आधी एकदा ताडपत्री उचला. आरसी बुक शोधा, साल बघा. मॅटिंग उचलून पत्रा टोचून बघा. जिथे स्क्रूड्रायव्हर आरपार जाईल तिथे खडूनं गोल करा. आणि काम पूर्ण होईपर्यंत तिला रस्त्यावर काढू नका, अर्धवट तयार गाडी ही न तयार गाडीपेक्षा घातक असते. अक्सिलेटर दाबायची घाई असेल तर हा खेळ तुमचा नाही. सहा महिने नुसता गंज घासायची तयारी असेल तर आहे.

आमच्या घरचा निकाल? मामांनी मला दिवाळीपर्यंत मुदत दिलीय. तोवर खालचा पत्रा झाला आणि ब्रेक लागले, तर गाडी राहणार, शेड दुसरीकडे. नाही झालं, तर भंगारवाल्याचा नंबर त्यांच्याकडे आहे. गेल्या रविवारी ड्रायव्हरच्या बाजूचा कुजलेला पत्रा आम्ही कापून काढला. आता सीटच्या जागी बसलं की पायाखाली सरळ जमीन दिसते. मामींनी ते पाहिलं, काही बोलल्या नाहीत, फक्त चहा ठेवला. येत्या रविवारी नवा पत्रा बसवायचाय. वेल्डिंग येणारं कुणी ओळखीत असेल, तर सोबत घेऊन या.